सवाईची परतफेड

कवी गेला तर त्याचे पुस्तक मागे राहते. चित्रकार गेला तर भिंतीवर त्याचे चित्र राहते. गवंड्याच्या मागे त्याने रचलेली भिंत उन्हापावसात उभी असते. गवई गेला म्हणजे मात्र त्याचे सारे काम त्याच्याबरोबर निघून जाते. ते काम अर्धे त्याच्या गळ्यात होते आणि अर्धे ऐकणाऱ्यांच्या कानांत. गळा एका दिवशी थांबतो. कान मागाहून एकेक करून थांबत जातात. ध्वनिमुद्रिका उरतात हे खरे. पण ज्या गवयांविषयी मला येथे मुख्यतः बोलायचे आहे, त्यांच्या काळची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची होती. तासतासभर फुलणारा राग तेवढ्यात कोंबलेला ऐकायचा आणि त्यावरून मूळ मैफलीची कल्पना करायची, म्हणजे अत्तराच्या फायावरून बागेचा अंदाज बांधण्यासारखेच आहे.

म्हणूनच गवयाचे स्मारक ही गोष्ट मोठी कठीण. सेनापतीचा पुतळा उभारता येतो. घोडा, तलवार, पुढे झालेला हात, एवढ्यावर त्याची कामगिरी कळते. गवयाचा पुतळा कसा करावा? तोंड मिटलेले ठेवले तर तो गवई वाटत नाही. उघडे ठेवले तर त्यातून आवाज येत नाही, ही उणीव जाणाऱ्या-येणाऱ्याला टोचत राहते. तरीही माणसे गवयांची स्मारके करतात, आणि सरकारला जाग येण्यापूर्वी ती पुष्कळदा चाहत्यांनी केलेली असतात. पुस्तकाचे, नाटकाचे आपण परीक्षण करतो, तसे ह्या स्मारकांचे का करू नये? भक्तीने केलेल्या गोष्टीचे गुणदोष पाहू नयेत असा आपल्याकडे एक संकेत आहे. मला तो मान्य नाही. भक्ती खरी असली म्हणजे कृती चांगली उतरतेच असे नाही. तसे असते तर देवळादेवळांतली सगळी भजने सुरात झाली असती.

परीक्षणाला कसोटी हवी. मी शाळामास्तर आहे आणि खेड्यात वाढलो आहे. माझी कसोटी शेतातली आहे. पूर्वी पेरणीच्या वेळी घरात बी नसले तर ते उसने आणीत आणि सुगी झाली की सवाईने फेडीत. म्हणजे चार पायली नेल्या असतील तर पाच पायली परत. ह्या व्यवहारात सावकारांनी पुष्कळांना नागवले, हे मी विसरलेलो नाही. पण शेजाऱ्याशेजाऱ्यांत तो चाले तेव्हा त्याच्या मुळाशी एक शहाणपण असे. बी जपून ठेवण्यासाठी नसते, ते मातीत घालायचे असते. आणि जे पिकेल त्यातून, घेतले त्याहून थोडे अधिक परत करायचे असते. गवयाने आपल्याला जे दिले त्याची परतफेड त्याचे स्मारक कशी करते, हे मी ह्या मापाने पाहणार आहे.

आधी एक दूरचे उदाहरण घेतो, कारण केवळ चाहत्यांनीच केलेल्या स्मारकाचे निर्भेळ रूप तेथे दिसते. जर्मनीतील म्युनिक शहरात प्रोमेनाडप्लात्झ नावाचा चौक आहे. तेथे ओर्लांदो दि लासो ह्या सोळाव्या शतकातील संगीतकाराचा पुतळा आहे. लासो म्युनिकच्या दरबारी वर्षानुवर्षे संगीतप्रमुख होता आणि १५९४ साली त्याच शहरात वारला. पुतळ्यासमोर एक मोठे हॉटेल आहे. अमेरिकन गायक मायकेल जॅक्सन म्युनिकला आला की तेथे उतरे, आणि चाहते खाली रस्त्यात त्याची वाट पाहत उभे राहत. २५ जून २००९ रोजी जॅक्सन वारला. आता शोक करावा तरी कोठे? ज्या जागी वाट पाहिली तीच जागा त्यांना आपली वाटली. लासोच्या पुतळ्याचा चौथरा जॅक्सनच्या छायाचित्रांनी, मेणबत्त्यांनी, फुलांनी आणि चिठ्ठ्यांनी झाकून गेला. वर लासो, खाली जॅक्सन! ह्या स्मारकाला शिल्पकार नाही, कोनशिला नाही, पाहुण्यांची भाषणे नाहीत.

मी म्युनिकला गेलेलो नाही. छायाचित्रांवरून बोलतो आहे. पण त्या छायाचित्रांत मला एक गोष्ट फार आवडली. कागद पावसाने भिजतो, फूल दोन दिवसांत सुकते, मेणबत्ती एका रात्रीत संपते. तेव्हा ते स्मारक टिकायचे तर कोणीतरी पुनःपुन्हा येऊन ते नव्याने मांडलेच पाहिजे. ज्या दिवशी हे हात थांबतील त्यानंतर महिन्याभरात चौथरा पुन्हा लासोचा होईल. प्रेमाला जेवढे आयुष्य आहे त्याहून एक दिवसही अधिक मागायचा नाही, हा प्रामाणिकपणा दगडी स्मारकांत सापडत नाही. मात्र माझ्या मापाने पाहिले तर येथे पेरणीच नाही. बी डब्यात ठेवून त्या डब्यापुढे दिवा लावला आहे.

आणि त्या वरच्या लासोचे काय? त्याच्यासाठी रडणारे कोणी उरलेले नाही. पण त्याचे संगीत कागदावर लिहिलेले आहे, आणि गायकवृंद ते कागद उघडून त्याची गाणी गातात. लासो पुतळ्यात नाहीच. तो त्या कागदांत आणि त्या गळ्यांत आहे. आपल्या गवयांना ही सोय नव्हती. बंदिश कागदावर उतरेल, पण ती मांडण्याची रीत गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात गेली तरच राहते. म्हणून आपल्याकडे स्मारकाचा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

आता जवळ येऊ. भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर खंडवा लागते. किशोरकुमारचा जन्म तेथे ४ ऑगस्ट १९२९ रोजी झाला. १३ ऑक्टोबर १९८७ रोजी तो मुंबईत वारला, पण अंत्यसंस्कार खंडव्यात झाले आणि तेथे त्याची समाधी आहे. जन्मदिवशी आणि पुण्यतिथीला ठिकठिकाणचे चाहते समाधीवर जमतात, दूधजिलेबी ठेवतात आणि त्याची गाणी गातात. मुंबई सोडून खंडव्याला जावे आणि दूधजिलेबी खात राहावे, असे तो म्हणे. त्याची ती आठवण. येथे मेणबत्तीच्या पुढे एक पाऊल पडले आहे, कारण येथे गळा उघडतो. दिवसभर दुकानात किंवा कचेरीत राबणारा माणूस चार लोकांसमोर उभा राहून गातो, ही लहान गोष्ट नाही.

पण त्याच्या गाण्याला जी सर्वांत मोठी शाबासकी मिळते ती कोणती? ‘हुबेहूब!’ जो स्वतःला जितका पुसून टाकील तितका तो मोठा. ही परतफेड मुद्दलाएवढी. चार पायलीला चार पायली. खुद्द किशोरकुमारची गोष्ट वेगळी होती. सुरुवातीला त्याच्या गाण्यावर सैगलची छाप होती. ती टाकून त्याने स्वतःचा आवाज शोधला तेव्हाच तो किशोरकुमार झाला. त्याने सैगलचे ऋण सवाईने फेडले. त्याच्या चाहत्यांनी मात्र त्याची ही एक गोष्ट तेवढी उचललेली नाही.

तिसरा प्रकार इमारतीचा. इमारती बहुधा संस्थानाच्या किंवा नगरपालिकेच्या असतात, म्हणून त्यांना चाहत्यांची स्मारके म्हणताना जरा थांबावे लागते. परंतु पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरामागे पु. ल. देशपांड्यांसारखे नारायणरावांचे निस्सीम चाहते होते. भूमिपूजन खुद्द नारायणरावांच्या हातून १९६२ साली झाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिवशी, रंगमंदिर उघडले. आपल्या स्मारकाची पहिली माती स्वतः उकरायची आणि त्याचा पडदा उघडलेला मात्र पाहायचा नाही, ह्यात एखाद्या नाटकाचा तिसरा अंक आहे. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. ह्या रंगमंचावर संगीत नाटके झाली तशा लावण्याही झाल्या, वाद्यवृंद झाले, सभा झाल्या. त्यावर नाक मुरडणारे आहेत. मी त्यांतला नाही. कोठार बांधणाऱ्याने त्यात कोणते धान्य भरले जाईल ह्याची हमी द्यायची नसते. इमारत स्वतः काही पिकवीत नाही. ती पाडून नवी बांधावी की आहे तीच राखावी, ह्यावर अलीकडे पुष्कळ वाद झाला, पण त्या कोठारात नवे धान्य कोठून येणार, ह्याविषयी त्या मानाने फारच थोडे बोलले गेले.

इमारतीचे मोल कोल्हापूरकरांना फार क्रूर रीतीने कळले. शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे १९५७ साली ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत जळाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. गाव हळहळले, माणसे रडली. विचार करा, केशवराव गेले १९२१ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. त्यांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेले कोण त्या गर्दीत असणार? तरी रडणे खोटे नव्हते. त्या छपराखाली त्यांनी स्वतः जे जे ऐकले होते, आईबापांचे बोट धरून जी नाटके पाहिली होती, ती सारी केशवरावांच्या नावावर जमा होती. नाव एकाचे, ऐकलेले गाणे दुसऱ्याचे, आणि दोन्ही एकमेकांत इतकी मुरलेली की वेगळी करता येऊ नयेत; इमारत करू शकते ती परतफेड ही. थोडी नाही, पण आगीच्या एका रात्रीवर अवलंबून असलेली.

चौथा प्रकार मी जवळून पाहिला आहे. मिरज आमच्या गावाहून एस.टी.ने तासाभराच्या वाटेवर. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांनी हे गाव आपले मानले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या सिंगपेरुमाळकोइल स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. पण माती मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात पडली. दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात गाणे होते. चर्मकार समाजाच्या मानाचा गलेफ चढतो, फकिरांची गर्दी असते, फुलांची आणि उदाची वासलात नसते, खेळण्यांची दुकाने वाजत असतात, आणि त्या सगळ्या गलबल्यात एका बाजूला तंबोरे लागतात. तंबोरेही बहुधा गावातलेच. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गवयांनी त्यांना मान देऊन दीडशे वर्षे होत आली.

येथे गवई ‘कार्यक्रम करीत’ नाही. तो ‘हजेरी लावतो’. हा शब्द माझ्या रोजच्या धंद्यातला आहे, म्हणून त्याकडे माझे लक्ष गेले. हजेरीच्या वेळी मूल नुसते ‘हजर’ म्हणते. ते हुशारी दाखवीत नाही, पहिला नंबर मागत नाही. मी आलो आहे, एवढेच सांगते. नामांकित गवयाची हजेरी आणि गावातल्या नवशिक्या मुलीची हजेरी ह्यांत पट एकच. मी एका वर्षी पाहिले: पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी गायला बसली, घाबरली, षड्ज हलला, तबलजीने ठेका धीमा केला, मागे बसलेल्या म्हाताऱ्याने मान हलवून धीर दिला, आणि ती सावरली. स्मारकापुढे नवा आवाज घाबरतो, म्हणजे ते स्मारक जिवंत आहे. म्युनिकच्या चौथऱ्यापुढे कोणी घाबरत नाही. येथे बी मातीत पडते आहे, हे डोळ्यांना दिसते.

आणि ह्याच बियाण्याचे पुढचे पीक म्हणजे पुण्याचा महोत्सव. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर. संगीत नाटकांतून त्यांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि लोकांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हटले. आज शाळेत पावकी, निमकी, सवायकी शिकवीत नाहीत, तेव्हा हे सांगितले पाहिजे: सवाई म्हणजे सव्वापट. गंधर्वाहून पाव हिस्सा अधिक. रामभाऊ १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात वारले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, त्यांच्या स्मरणार्थ आर्य संगीत प्रसारक मंडळाने महोत्सव सुरू केला, आणि तो पुढे दशकानुदशके चालवला तो त्यांच्या शिष्याने, भीमसेन जोशींनी. कुंदगोळात गुरूच्या घरी पाणी भरत शिकलेला हा शिष्य. त्याने दगड शोधला नाही, मांडव घातला. पहिल्या महोत्सवाच्या वेळी भीमसेन अवघे एकतीस वर्षांचे होते. गंगूबाई हनगळ, फिरोज दस्तूर ही गुरुभावंडे तेथे येऊन गात राहिली. गुरूचे गाणे तीन शिष्यांनी घेतले आणि तिघांचे गाणे तीन तऱ्हांचे झाले. एकालाही ‘हुबेहूब’ म्हणता येऊ नये. सवाईची परतफेड म्हणतात ती ही.

माझ्या मापाने हे स्मारक सर्वांत वर जायला हवे, आणि जातेही. पण परीक्षकाने येथेच चष्मा पुसून नीट पाहिले पाहिजे. आमच्या वर्गात मी एकदा सवाई गंधर्वांचे नाव काढले, तेव्हा पुण्याला मामाकडे जाऊन आलेला एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, सवाई म्हणजे ती डिसेंबरातली गाण्याची जत्रा ना?” मुलाचे काही चुकले नव्हते. मोठी माणसेही ‘यंदा सवाईला येणार का?’ असेच विचारतात. माणसाचे नाव जागेचे झाले, जागेचे तारखेचे झाले. भीमसेन २४ जानेवारी २०११ रोजी गेले. त्यानंतर महोत्सवाच्या नावात गुरूशेजारी त्यांचेही नाव आले. ते योग्यच झाले. पण हजारो माणसे ज्या नावाच्या मांडवात बसतात, त्या नावाचा माणूस कोण, कोठला, काय गात असे, हे त्यांतल्या किती जणांना सांगता येईल? पीक इतके भरघोस आले की बी कोणाचे होते हे विसरले गेले. रात्ररात्र चालणाऱ्या बैठकी २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर आटोपत्या घ्याव्या लागल्या. उत्तररात्रीचे राग उत्तररात्री ऐकण्याचे भाग्यही त्याबरोबर गेले. त्याची हळहळ सगळे करतात. रामभाऊंच्या विस्मरणाची हळहळ कोणी करीत नाही, कारण विसरलेल्याची हळहळ करायला तो आठवावा लागतो.

काही मित्र म्हणतात, ह्यात बिघडले काय? गाणे राहिले ना? गवई हा पाट आहे, पाणी पुढे गेले की पाटाचे नाव कोण विचारतो? हा युक्तिवाद मला मोहवतो, पण पटत नाही. उसने नेणाऱ्याने पाच पायली परत केल्या आणि कोणाला केल्या हे तो विसरला, तर ती फेड नाही, तो नुसता धान्याचा ढीग आहे. फेड ही दोन माणसांतली गोष्ट आहे. ज्या दिवशी देणाऱ्याचे नाव जाईल त्या दिवशी घेणाऱ्याला वाटू लागेल की हे सगळे मुळातच आपले होते. आणि असे वाटू लागलेला समाज पुढच्या गवयाला काही देणे लागतो असे मानीत नाही.

सुदैवाने त्या मांडवात ह्या रोगावरचे औषधही आहे. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने करण्याचा तेथे प्रघात आहे. दिवसचे दिवस एकाहून एक आवाज मोठ्या ध्वनिक्षेपकांतून ऐकल्यावर, शेवटी तो तबकडीचा खरखरता, लहानसा आवाज येतो. ज्याचे घर, त्याचा शब्द शेवटचा. मला ह्या सर्व स्मारकांत सर्वांत थोर भाग वाटतो तो हा, तीन मिनिटांचा. दगड नाही, चित्र नाही, रिकामा रंगमंच आणि आवाज. काही जण उठून उभे राहतात, हात जोडतात. पण आम्ही श्रोते कसे आहोत पाहा: त्याच तीन मिनिटांत कोणी सतरंजीची घडी घालतो, कोणी चप्पल शोधतो, कोणी शेवटच्या बसची वेळ पाहतो. यजमान दाराशी येऊन बोलतो आहे आणि पाहुणे रिक्षा शोधत आहेत.

म्हणून परीक्षणाच्या शेवटी एक सूचना करतो. ती खर्चाची नाही. ती तबकडी शेवटी वाजू द्या, पण त्याआधी पहिल्या दिवशी, पहिला तंबोरा लागण्यापूर्वीही एकदा वाजू द्या. आणि तिच्याआधी चार वाक्यांत सांगा की हा माणूस कुंदगोळचा, हा अमक्याचा शिष्य, ह्याने नाटकात असे काम केले, अखेरची वर्षे पक्षाघाताने गळ्यावर कशी शांतता आणली, आणि त्या शांततेनंतर हा मांडव कसा उभा राहिला. मग तीन मिनिटे सगळ्यांनी गप्प बसावे. त्यानंतर जो गवई गायला येईल, तो त्या खरखरत्या आवाजाच्या पुढे बसून गाईल. त्याला थोडी भीती वाटेल. मिरजेच्या त्या मुलीला वाटली होती तेवढी वाटली, तरी पुरे.